ठेंगणीचा पत्रा

आमच्या गाडीत बसायचं म्हणजे चपला काढून बसायचं. हा नियम माझ्या आईचा. पस्तीस साली मी ती दोन सीटची, उघड्या टपाची विलायती गाडी गिरगावात, आमच्या नव्या वाडीत आणली, तेव्हा आईने तिला हळदकुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला आणि सांगून टाकलं, "जिला हळदकुंकू वाहिलं तिच्यावर पायताण ठेवायचं नाही." मग सीटच्या मागे बिस्किटांचा एक रिकामा डबा ठेवला गेला. बसणाऱ्याने चपला त्यात टाकायच्या. एकदा आमच्या पाणीखात्याचे गोरे साहेब माझ्याबरोबर भंडारवाड्याचा तलाव बघायला आले, त्यांनाही आईने खिडकीतून बूट काढायला लावले. साहेब वाटभर मोज्यांतली बोटं हलवत बसले आणि उतरताना म्हणाले, फार आराम वाटला. आई चव्वेचाळीस साली गेली. नियम राहिला.

गाडीला ठेंगणी हे नाव माझ्या बायकोने, लीलाने दिलं. नाव बरोबरच होतं. सीटवर बसून हात खाली सोडला तर बोटं रस्त्याला लागत. बैलगाडीशेजारी उभी राहिली तर बैल वरून आत बघत. तीत दोन माणसं, त्यांच्या चपला आणि फार तर एक पापलेटची पिशवी मावे. आमच्या पाठारे प्रभूंच्या एवढ्या गोतावळ्यात असली गाडी घेणं हा शुद्ध चहाटळपणा होता आणि तसं मला तोंडावर सांगणारेही बरेच होते. मी म्युनिसिपालिटीच्या पाणीखात्यात इंजिनिअर. रस्त्यांखालून नळ टाकण्यात माझी तीस वर्षं गेली. बावन्न साली रिटायर झालो आणि मग रोज सकाळी ठेंगणी घेऊन चौपाटीवरून एक फेरी, एवढाच उद्योग उरला.

वय वाढलं तशी गाडी आणखी बुटकी होत गेली. पन्नाशीपर्यंत मी दारावरून टांग टाकून बसत असे. पुढे दार उघडून बसू लागलो. वयाच्या पंचावन्ननंतर तेही जमेना. मग आधी गाडीकडे पाठ करायची, बूड टेकवायचं आणि एकेक पाय हाताने उचलून आत ठेवायचा, अशी पद्धत काढली. उतरताना हेच उलट, मधे एकदा काचेच्या चौकटीला धरून थांबायचं. वाडीतली माणसं गॅलरीतून बघत. समोरच्या राजारामपंतांनी एकदा वरून विचारलं, "मनमोहनराव, येऊ का ढकलायला?"

"गाडी की मला?" मी विचारलं.

"ज्याला गरज असेल त्याला," राजारामपंत म्हणाले.

पण एकदा आत बसून इंजिन सुरू झालं की वय वाडीच्या तोंडाशी उतरून जाई. मोठ्या गाडीत माणूस रस्त्याच्या वरून जातो, ठेंगणीत रस्त्यातून जायचं. तीस मैलांचा वेग साठचा वाटे. कान गार पडत, डोळ्यांतून पाणी येई, सुकाणूतून रस्त्याची प्रत्येक खोड हाताला कळे. कुठे नळाचं झाकण आहे, कुठे आम्हीच खणून नीट बुजवलं नाही, सगळं. त्या अर्ध्या तासापुरता मी कोणाचा वडीलधारा नसे, रिटायर्ड नसे, रोगी नसे.

रोगी मी होतो. मधुमेह. लीला रोज सकाळी सुई टोचून देई. तिची मुळीच तक्रार नसे आणि मलाही सवय झाली होती. पण त्रेपन्नच्या सुमारास एक गोष्ट झाली जी मी कोणाला सांगितली नाही. ठाकूरद्वारहून भाजी घेऊन घरी आलो आणि बघतो तर उजव्या पायात चप्पल नाही. कुठे निसटली, कधी निसटली, काही कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चप्पल दाराशी जोडीने ठेवलेली होती. भाजीवालीने पाठवली असेल असं मी धरून चाललो.

दोन्ही पाय घोट्यापासून खाली हळूहळू माझे राहिले नव्हते. दुखत नव्हते, म्हणून तक्रारही करता येईना. पाण्यात ठेवले तर पाणी थंड की गरम ते डोळ्यांनी वाफ बघून ठरवायचं. माझा मावसभाऊ शशिकांत दादरला डॉक्टर आहे. त्याने एकदा संशयाने मला पलंगावर निजवून तळव्यांना टाचणी टोचून बघितली. "लागतं?" "लागतं." "आता?" "लागतं." त्याची सावली भिंतीवर पडत होती आणि हात पुढे गेलेला मला तिच्यात दिसत होता. मी पास झालो.

खोटं का बोललो, हे सरळ सांगतो. शशिकांतला कळलं की लीलाला कळणार आणि लीलाला कळलं की ठेंगणी जाणार. ज्याला पायाखालचा ब्रेक कळत नाही त्याने गाडी चालवू नये, हे मला कोणी समजावायची गरज नव्हती. मी इंजिनिअर आहे. पण गाडी गेली की मी नव्या वाडीतल्या आरामखुर्चीत बसणार होतो आणि तिथून उठण्याचं काही कारण उरणार नव्हतं. म्हणून मी युक्त्या केल्या. ॲक्सिलरेटर कानाने ओळखायचा. ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली वाकतं, त्यावर डोळा ठेवायचा. क्लच पकडताना बुडाखाली हलकी थरथर येते, ती धरायची. पाय गेले तरी बूड शाबूत होतं. अडीच वर्षं मी असा चालवत होतो आणि कोणाला साधा धक्काही लावला नाही.

ठेंगणीचं दुखणंखुपणं बघायला भिवा येई. लालबागचा, मालवणकडचा, गिरणीत फिटर. परदेशातून सुट्या भागांची आयात बंद झाल्यापासून गाडीचे निम्मे भाग त्याने हाताने घडवलेले होते. तो रविवारी येई, चपला डब्यात टाकी आणि मगच गाडीला हात लावी. आईची त्याला अजून भीती वाटत असावी.

पंचावन्नच्या डिसेंबरात तो गाडीखालून निघाला तो कपाळाला आठ्या घालूनच.

"साहेब, खालचो पत्रो गेलो हा," तो म्हणाला. धुराड्याची नळी ड्रायव्हरच्या पायांखालून जाते आणि तिची धग वर येऊ नये म्हणून मधे एक जाड पत्रा असतो, तो गंजून गळून पडला होता. आता पायांखाली नळीवर गाडीच्या तळाचा पातळ पत्रा तेवढा राहिला होता. भिवाने आत हात घालून त्यावर तळवा टेकवला आणि झटकन मागे घेतला. "चटको बसता. आणि तुम्ही तर अनवाणी. तुमचो पाय भाजणा नाय?"

मी नुकतीच चौपाटीची फेरी करून आलो होतो. लीला चहा घेऊन शेजारीच उभी होती.

"छे," मी हसत म्हटलं. "मला तर काही लागत नाही. उलट थंडीत बरं वाटतं."

भिवा माझ्याकडे बघत राहिला. "असां कसां? माका लागता, तुमका नाय?"

"तुझे हात नाजूक झालेत, भिवा."

त्यावर तो हसला, पण पुरता नाही. तरी पत्रा कापून आणतो म्हणाला. मी सांगितलं, घाई नको. पत्रा बसवायचा म्हणजे गाडी पंधरा दिवस ठोकळ्यांवर चढणार. लीलाने चहाचा ट्रे पायरीवर ठेवला, वाकून गाडीत काहीतरी बघितलं आणि आत गेली. ती अशी अधूनमधून आत जायचीच, मी लक्ष दिलं नाही.

मग जानेवारी आला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं दिल्लीहून जाहीर झालं आणि शहर पेटलं. हरताळ, दगड, गोळीबार, रात्रीची संचारबंदी. ठाकूरद्वारच्या नाक्यावर पोलिसांच्या गाड्या उभ्या. मीही संयुक्त महाराष्ट्राच्या पत्रकावर सही केलेला माणूस, पण खरं सांगायचं तर सकाळी पेपरातला मेलेल्यांचा आकडा वाचायचो, घडी घालायचो आणि चहा प्यायचो. आत काही हलत नसे. लीला वाडीतल्या बायकांबरोबर जखमींसाठी जुनी धोतरं फाडून पट्ट्या करत बसे, तिचे डोळे सुजलेले असत. मला वाटे, पायांचा रोग वर चढतोय की काय.

त्या आठवड्यात एका सकाळी माझ्या औषधाची बाटली संपली. लीला बाटल्या गारव्याला पाण्याच्या मडक्यावर वाटीत ठेवी, तिथे एकही उरली नव्हती. औषधांची दुकानं बंद.

"शशिकांतकडे असेल, दादरला जाऊन आणतो," मी म्हटलं.

"आज?" लीला म्हणाली. "एक दिवस भात नका खाऊ. उद्या बघू."

"रस्ते रिकामे आहेत. पाऊण तासात परत येतो."

"रिकामे का आहेत ते ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं, आणि मला ते रिकामेच हवे होते. औषध हे निमित्त होतं, अगदी खोटं नाही, पण निमित्तच. त्या अडीच वर्षांत मला ट्राम, घोडागाडी, सायकल यांची मनातून धास्ती बसली होती, कारण माझा ब्रेक डोळ्यांमार्फत पायात जात असे आणि डोळे एकाच ठिकाणी असतात. आज समोर काहीच नव्हतं. मी चपला डब्यात टाकल्या, पाय उचलून आत ठेवले आणि निघालो.

गिरगाव ते भायखळा असा रस्ता मी जन्मात पाहिला नव्हता. ट्रामचे रूळ उन्हात चमकत होते आणि त्यांच्यावर कोणी नव्हतं. दुकानांच्या फळ्या लागलेल्या. कावळे रस्त्याच्या मधोमध बसलेले. भायखळ्याच्या पुलावर मी गाडी पन्नासवर नेली. वारा कानात शिरला, इंजिन गळा मोकळा करून ओरडलं आणि मी एकटाच हसलो. माणसं मरत होती आणि मला मजा आली. लिहायला लाज वाटते, पण आली.

लालबागला रस्त्यावर दगड, ट्रामच्या थांब्याचे खांब आणि जळके टायर पडले होते. धूर होता. चाळीच्या तोंडाशी पन्नासेक माणसं, त्यातली दहाबारा माझ्या गाडीवर धावून आली. हरताळाला गाडी बाहेर काढणारा म्हणजे कोण, हे ठरवायला त्यांना वेळ लागणार नव्हता. एकाने बॉनेटवर दगड उगारला तेवढ्यात मागून आवाज आला, "थांब रे. ह्ये आमचे साहेब."

भिवा होता. सदऱ्यावर रक्त. ते त्याचं नव्हतं.

"साहेब, देवानं धाडलां तुमका," तो म्हणाला. "दत्तूक गोळी लागली हा. मांडीत. ॲम्ब्युलन्स येवक बघत नाय."

दत्तू त्याच्या शेजारच्या खोलीतला, त्याच गिरणीत सांचेवाला, मागावरचा कामगार. तिशीचा असेल. त्याला चौघांनी उचलून माझ्या शेजारच्या सीटवर बसवलं. मांडीला लुगडं आवळून बांधलेलं. एवढ्या गडबडीत भिवाने खाली वाकून आधी दत्तूच्या पायातल्या वहाणा काढल्या, मग स्वतःच्या काढल्या, सगळं डब्यात टाकलं आणि मागच्या दुमडलेल्या टपावर बसून दत्तूचे खांदे धरले. बाकीचे बघतच राहिले. 

परळचं इस्पितळ तिथून सरळ रस्त्याने पाच मिनिटांवर. पण सरळ रस्त्यावर पोलीस उभे होते आणि मधे दगडांचा बांध घातलेला. "गल्ल्यांनी जाऊया," मी म्हटलं. त्या चाळींमागच्या गल्ल्यांतून तेहतीस साली मी सहा इंची नळ टाकला होता. कुठली गल्ली कुठे फुटते, हे तिथे राहणाऱ्यांपेक्षा मला बरं ठाऊक होतं. नळ जिथे जातो तिथे ठेंगणी जाते, एवढी ती अरुंद.

पहिल्या गिअरमध्ये जावं लागलं. दर वीस पावलांवर दगड, खाट, पिंप, आणि चाळींतली माणसं खाली उतरून ते बाजूला सारत. पाच मिनिटांच्या रस्त्याला पाऊण तास लागला. गाडी एवढा वेळ हळू चालली की नळीला वारा मिळत नाही, ती तापत जाते. हे कोणत्याही इंजिनिअरला कळावं. मला कळत होतं इंजिनचं. पाणी उकळेल का, एवढंच मी बघत होतो. उजवी टाच पत्र्यावर रोवून मी ॲक्सिलरेटर धरला होता, कारण दत्तूला धक्का बसू द्यायचा नव्हता. टाच घट्ट रोवली की इंजिनचा आवाज स्थिर राहतो, हीही माझीच युक्ती. दर धक्क्याला दत्तू ओठ चावायचा. त्याला सगळं लागत होतं, मला काहीच नाही. शेजारी शेजारी बसलो होतो आम्ही.

शेवटच्या गल्लीत दत्तूने डोळे उघडले. "कायतरी जळता हा," तो म्हणाला.

वास मलाही आला होता. केस जळल्यासारखा, तळलेल्या कातड्यासारखा. मागून भिवाही म्हणाला, "होय, जळता."

"टायर असतील," मी म्हटलं. "सगळीकडेच जळतंय."

इस्पितळाच्या दारात दत्तूला आत नेलं. भिवाने वहाणा उचलल्या, माझ्या पुढ्यात हात जोडले आणि मागोमाग धावला. मी चपला घालायला उतरलोच नाही. तसाच दादरला गेलो, शशिकांतच्या कंपाउंडरला हाक मारून गाडीतूनच औषध घेतलं आणि पश्चिमेकडच्या रस्त्याने, समुद्राकाठाने, घरी आलो. समुद्रावर वाऱ्यात तो वास गेला. मला फार बरं वाटत होतं. पुष्कळ दिवसांनी मी कोणाच्या तरी उपयोगी पडलो होतो. लीलाला सगळं सांगितलं, जेवलो आणि झोपलो.

दुपारी चहाला उठवायला ती आली आणि पायाशी थांबली. चादरीवर डाग होता. तिने माझा उजवा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि टाच माझ्याकडे वळवली. टाचेवर कातडी नव्हती. जिथे कातडी असायला हवी तिथे पांढरट, कडेने काळं असं काहीतरी होतं, आणि त्यावर पत्र्याचे दोन स्क्रू उमटले होते, अगदी नकाशात काढल्यासारखे गोल.

"दुखतंय?" लीलाने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. ते खरं होतं.

शशिकांत आला. त्याने टाचणी काढली नाही, नुसता बघत बसला. मग म्हणाला, "भिंतीकडे बघत होतास तू." एवढंच. फेब्रुवारीत टाच काळी पडली, मग बोटं, मग काळं वर सरकू लागलं. मार्चमध्ये त्याच परळच्या इस्पितळात माझा उजवा पाय गुडघ्याखाली चार बोटं ठेवून कापला. दत्तू तेव्हा खालच्या वॉर्डातून घरी जायला निघाला होता. काठी टेकत मला भेटायला वर आला. गोळी लागली होती तरी त्याचा पाय राहिला. चादर जिथे सपाट झाली होती तिकडे त्याने एकदा बघितलं आणि मग खिडकीकडे बघत बसला.  मला दुःख झालं का, असं लोक विचारत. नाही झालं. सगळं कोणा दुसऱ्याचं चाललंय आणि मी शेजारच्या खाटेवरून बघतोय, असं वाटे.

घरी आलो एप्रिलमध्ये, आणि पहिल्याच आठवड्यात टाच जळू लागली.

उजवी. जी नव्हती ती. दुपारी जेवून पडलो की हळूहळू तापायला लागे, आणि मग कोणी लाल पत्र्यावर टेकवून धरावी तशी जळे. स्क्रूसुद्धा कळत, दोन्ही, वेगवेगळे. तीन वर्षं पाय होता तेव्हा काही लागलं नाही आणि आता राहिलेलं सगळं लागत होतं. मी दात आवळून पडून राही. नसलेल्या पायाबद्दल तक्रार करायची कशी? एका दुपारी लीलाच्या लक्षात आलंच.

"काय होतंय?"

"काही नाही."

"खरं सांगा," ती म्हणाली. तिचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता.

मी सांगितलं. ती हसली नाही, शशिकांतला बोलावू का असंही म्हणाली नाही. आत गेली, पंचा भिजवून पिळून आणला आणि चादरीवर, जिथे टाच असती तिथे, घडी करून ठेवला. मग खाटेच्या कडेला बसली.

"मी हात लावला होता," ती म्हणाली.

"कशाला?"

"पत्र्याला. भिवा आला होता त्या दिवशी. तुम्ही म्हणालात काही लागत नाही, म्हणून मी वाकून हात लावला. फोड आला मला. दोन दिवस डाव्या हाताने पोळ्या लाटल्या, तुम्हाला दिसलंसुद्धा नाही." ती पंच्याकडे बघत होती. "तुमची चप्पल रस्त्यात पडली होती, तीही मीच आणली होती. तेव्हापासून ठाऊक आहे मला."

"मग बोलली का नाहीस?"

"गाडी गेली असती. मग तुम्ही त्या खुर्चीत बसला असता." तिने पंच्याची घडी उलटी केली. "तुम्ही चौपाटीवरून येता तेव्हा केस उडालेले असतात आणि तुम्ही दारातूनच काहीतरी बोलत येता. मला तेवढंच हवं होतं. म्हटलं, चालेल तेवढं चालू दे. पत्रा भिवा बसवणारच आहे. तुमचा पाय मी घालवला."

त्या क्षणी मला रडू आलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आत लागलं आणि ते टाचेपेक्षा वाईट होतं. पाय कोणी घालवला यावर आम्ही पुढे कधी बोललो नाही. दोघांनाही ठाऊक होतं, दोघांनी गप्प बसून घालवला.

ठेंगणी विकावी असं मी म्हटलं. लीला म्हणाली, बघू. जूनपासून भिवा दर रविवारी येऊ लागला. जाड पत्रा कापून, खाली धग अडवणारं जाड कापड लावून त्याने दोन्ही बाजूंना बसवला. सारखा म्हणायचा, हो पत्रो मिया डिसेंबरातच कापून ठेवललंय, साहेबांनी आणूक दिल्यान नाय. मग काही रविवार गाडी वाडीबाहेर जाऊन येऊ लागली. गिअर करकरल्याचा आवाज मला खिडकीतून येई. भिवाचा हात इतका वाईट कधी नव्हता, असं मला वाटलं. दसऱ्याच्या दिवशी कळलं.

दसऱ्याला गाडीला हार घातला, हळदकुंकू लावलं. भिवाने आणि राजारामपंतांनी मला उचलून डाव्या सीटवर बसवलं. "शेवटी ढकलायला आलोच," राजारामपंत म्हणाले. मी डाव्या पायातली चप्पल काढून डब्यात टाकली. एकच होती. आणि मग लीला पदर खोचून, कॅनव्हासचे पांढरे बूट घालून सुकाणूमागे बसली. बावन्न वर्षांची बाई, दारावरून अलगद.

"बूट," मी म्हटलं.

"सासूबाईंना मी सांगेन," ती म्हणाली आणि तिने गाडी सुरू केली.

ती वाईट चालवत होती. क्लच झटक्याने सोडत होती, वळणावर उशिरा वळत होती. ठाकूरद्वारला माझ्या नसलेल्या पायाने मी तीनदा ब्रेक दाबला. पण वारा लागत होता. नळाची झाकणं बुडाला कळत होती. गिरगावच्या रस्त्यावर तोरणं होती, आपट्याची पानं घेऊन माणसं चालली होती आणि मुंबई कोणाची हे तेव्हाही ठरलेलं नव्हतं.

ऑपेरा हाउसच्या जरा अलीकडे टाच तापू लागली. मी दात आवळले. मग मनात म्हटलं, नको.

"लीला," मी म्हटलं, "टाच भाजतेय."

"कुठली?"

"उजवी."

तिने गाडी तिथेच, ट्रामच्या रुळांवर थांबवली. मागे ट्राम होती, घंटा वाजवू लागली. लीला माझ्या बाजूला वाकली, हात खाली घातला आणि जिथे माझी टाच असती तिथे, पत्र्यावर, पूर्ण तळवा टेकवून ठेवला. बराच वेळ ठेवला. तिच्या बोटांवर जुन्या फोडाचा गुलाबी व्रण होता, तो मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

"थंड आहे," ती म्हणाली.

"जरा राहू दे तिथेच," मी म्हटलं.

ट्रामवाला घंटा वाजवत राहिला. तिने हात तिथेच राहू दिला.